चौदा भोकांची प्लेट

दादाचा पाय सरळ जुळला. बोटभरही आखूड झाला नाही. आज दादा दोन्ही पायांवर उभा राहतो आणि आपण कसे उभे राहतो हे न विचारणाऱ्यालाही दाखवतो. हे सगळं घडलं. पण हॉस्पिटलच्या कागदांत ते घडलेलं नाही, आणि कागदाशी वाद घालायची आपली टाप नाही. तेव्हा ते घडलंच नाही असं धरून चालू. दादाची उजवी मांडी मोडलेली आहे, आत प्लेट नाही, बाहेरून लोखंडी चौकट ठोकलेली आहे आणि सोमवारची सकाळ आहे.

१

टेबलावर प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत प्लेटचे दोन तुकडे होते. पिशवीखाली टाइप केलेला अहवाल होता आणि अहवालाखाली सहीसाठी रिकामी जागा होती.

खोली अस्थिरोग विभागाच्या चाचणीची. तिथे एकच मोठं यंत्र. त्यात प्लेटा, सळ्या, स्क्रू आणि प्लास्टिकची हाडं अडकवून दाबायची, वाकवायची, पिरगळायची. वस्तू मोडेपर्यंत किंवा ठरवलेल्या फेऱ्या संपेपर्यंत. हे काम करणाऱ्या बाईला अख्खं हॉस्पिटल मोडबाई म्हणायचं. पंधरा वर्षं ती पगार घेऊन वस्तू मोडत होती. घरी तिच्या हातून अजून कपसुद्धा फुटला नव्हता.

तिने अहवाल वाचला. 'प्लेट एकाच अतिरिक्त भाराने मोडली. रुग्णाने सूचना डावलून पायावर पूर्ण भार दिल्याचे यावरून स्पष्ट होते.' तपासणी व्हायची होती, पण तिचा निष्कर्ष आधीच येऊन बसला होता. खाली मोडबाईचं पद छापलेलं होतं, आणि वर रुग्णाचं नाव. ते तिच्या सख्ख्या भावाचं होतं.

तेवढ्यात विभागप्रमुख आत आले. ऑपरेशन त्यांनीच केलेलं. त्यांना सगळे नुसतं सर म्हणत.

"सही करून पाठव. बुधवारी चौकशी समिती आहे."

"सर, हा माझा दादा आहे."

"म्हणूनच तर. बहिणीनेच सही केली की शंका घेणार कोण?"

"मी अजून तुकडे पाहिलेसुद्धा नाहीत."

"पाहून काय करणार? मोडलेली प्लेट आहे. मोडलेलीच दिसेल."

सर गेले. हॉस्पिटलचा एक नियम होता: समितीने ज्याला 'असहकारी रुग्ण' ठरवलं, त्याची पुढची शस्त्रक्रिया यादीच्या शेपटाला. शेपूट पाच महिने लांब होतं. बाहेरची चौकट जेमतेम तीन आठवडे टिकणार, आणि त्यानंतर हाड स्वतःच्या मर्जीने, वाकडं, चार बोटं आखूड जुळायला लागणार. दादा विजेच्या खांबांवर चढून तारा जोडायचा. शिडी सरकून पडला होता. चार बोटं आखूड पायाला खांब कोण देतो?

तिने भिंग डोळ्याला लावलं.

एकाच दणक्यात मोडलेली प्लेट आधी वाकते, मग फाटते, आणि फाटलेली कड खरखरीत दिसते. ही वाकलेली नव्हती. मधल्या भोकापाशी ती सरळ, नीटनेटकी तुटली होती. तुटलेल्या तोंडावर बारीक, एकामागे एक वळणदार रेघा होत्या; ओसरतं पाणी वाळूवर सोडून जातं तशा. कडेला नखाएवढा तपकिरी डाग होता. रक्त असेल म्हणून तिने धुतला. गेला नाही.

अशा रेघा तिने हजार वेळा पाहिल्या होत्या. प्लेट एका दणक्याने मोडली नव्हती, ती थकून मोडली होती. थोडा भार, पुन्हा थोडा भार, पुन्हा. चीर मुंगीच्या पावलाने सरकत गेलेली.

पण धातू थकायला लाखो पावलं लागतात, आणि दादा तर सहा आठवडे पलंगावर होता. मग एवढं चाललं कोण?

२

दादा वॉर्डात चौकटीसकट पडला होता. चार जाड पिना मांडीत शिरलेल्या, बाहेरून दांडा. वहिनी उशाशी बसलेली. पायथ्याशी दादाच्या घराखाली राहणारे खालचे काका. ते रुग्णाला भेटायला आले होते आणि समितीपुढे रुग्णाच्या विरोधात साक्षही देणार होते. दोन्ही कामं एकाच फेरीत.

"दादा, खरं सांग. चाललास?"

"चाललो असतो तर निदान मजा तरी आली असती," दादा म्हणाला. "पंख्याची पाती मोजत होतो. तीन आहेत. रोज तीनच भरायची."

"मी घरी नसताना चालत होता की काय, देव जाणे," वहिनी पुटपुटली.

दादाने मान भिंतीकडे वळवली. "बघ. हिलासुद्धा वाटतं."

"डॉक्टर लेखी देतायत. ते काय उगाच देतील? कोणाचं खरं धरू मी?"

मोडबाईला पहिल्यांदा सरांचा खरा राग आला. प्लेट मांडीतली मोडली होती, पण भेग आता घरात पडत होती.

"काका, तुम्ही काय ऐकलंत?"

"ऐकलंत म्हणजे? डोकं उठलं माझं! दुपारी आडवं व्हावं तर वरून सुरू. टक टक धप. टक टक धप. थांबा, वाजवूनच दाखवतो." काकांनी औषधाच्या बाटलीने खाट दोनदा वाजवली आणि तिसऱ्यांदा मूठ आपटली. दादा कळवळला. "अस्सं. बाथरूमपर्यंत आणि परत."

"नीट आठवा. धप किती?"

"एक."

"दर खेपेला एकच?"

"कान आहेत मला! दोन टक, एक धप."

"दोन टक म्हणजे हॉस्पिटलनेच दिलेल्या दोन कुबड्या. एक धप म्हणजे एक पाय. मग दुसरा पाय कुठे होता?"

काका विचारात पडले. "हवेत असेल. मला खालून काय दिसतं?"

"हवेतच होता, काका. तुम्ही दादाच्या बाजूने साक्ष देताय."

"मी? मी कशाला देईन?" काका दुखावले. "मी तक्रार केली आहे!"

तिने एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरले, पहिल्या दिवसाचा आणि सहाव्या आठवड्याचा. पहिल्यात गुडघ्याजवळचं हाड दाट, पांढरं. दुसऱ्यात तेच हाड विरलेल्या कापडासारखं. हाडाचं असंच असतं. त्याच्यावर भार पडला की ते स्वतःला भरत जातं, आणि काम काढून घेतलं की झिरझिरीत होतं. या पायाला सहा आठवडे काम नव्हतं. सरांनीही हे दोन्ही एक्स-रे पाहिलेले होते. त्यावर सह्या त्यांच्याच.

"वहिनी, इकडे ये. हे बघ. तो चालला नाही. हाडच सांगतंय."

वहिनी कितीतरी वेळ दोन्ही एक्स-रेंकडे बघत राहिली. मग तिने दादाची उशी उगाचच सारखी केली. "ऑपरेशनच्या दिवशीच मला काहीतरी खटकलं होतं," ती म्हणाली. "आठवतं तुला? आपण दोघी दाराबाहेर बसलो होतो. मधेच सर एकटेच बाहेर आले, तोंडावर मास्क तसाच. मी म्हटलं, एवढं लांबलेलं ऑपरेशन, माणूस बाथरूमला जाणारच. दहा मिनिटांनी परत आले तेव्हा तुझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले…"

"'काळजी करू नकोस, आपल्याकडची सगळ्यात भक्कम प्लेट घालतोय,'" मोडबाईने वाक्य पुरं केलं.

त्या दिवशी तिने त्यांचे आभार मानले होते. दोनदा.

३

ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर वीस वर्षं तिथे होत्या आणि वीस वर्षं चिडलेल्या होत्या.

"प्लेट सेटमधलीच होती. लिहून घे."

"सेट दाखवता?"

"दाखवते की. लपवायचंय काय?" त्यांनी पोलादी ट्रे उघडला. प्रत्येक प्लेटला आपापली खाच. दहा भोकांची, बारा भोकांची. चौदाची खाच रिकामी.

"वापरली ना तुझ्या भावाला. म्हणून रिकामी."

"त्याआधी चौदाची शेवटची कधी लागली होती?"

"त्याच्या आठवडाभर आधी, एका…" सिस्टर थांबल्या. "मागवली असणार नंतर. मला काय विचारतेस? मी काय कारखाना काढलाय? इथे साधा ऑटोक्लेव्ह धड मिळत नाही! मोठा आहे तो ठीक. पण घाईत काही वाफेवर निर्जंतुक करायचं तर हा छोटा डबा. त्याच्या नळाचं पाणी बघ. चिमटा आत टाकावा चकचकीत, बाहेर येतो चहात बुडवल्यासारखा. घासून घासून माझे हात गेले. दहा अर्ज केले."

मोडबाईने पिशवी काढली आणि तुकड्याचं तुटलेलं तोंड त्यांच्यापुढे धरलं. "असा?"

सिस्टरांनी भिंगातून पाहिलं. तपकिरी कोर. आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"सिस्टर, हा रंग चिरेच्या आत आहे. प्लेट अखंड असती तर वाफ तिथे पोचली नसती. म्हणजे छोट्या डब्यात जाताना तिला चीर होती. आणि सेटमधल्या प्लेटा मोठ्यात जातात, त्यांना डाग पडत नाही. म्हणजे ही सेटमधली नव्हती, आयत्या वेळी कुठून तरी आली."

"मी काही बोलणार नाही. माझी चार वर्षं राहिलीत."

"बोलू नका. फक्त एक सांगा. ती तुमच्या हातात दिली कोणी?"

सिस्टर ट्रे बंद करता करता ट्रेशीच बोलल्या: "एकदा शर्टाच्या खिशातून काढलेल्या वस्तूला मी 'निर्जंतुक करते' म्हटलं. तेव्हाच विचारायला हवं होतं."

चिरलेली प्लेट मिळायला दोनच जागा. एक म्हणजे दुसऱ्या कोणाच्या शरीरातून काढलेली. पण या प्लेटच्या बहुतेक भोकांत स्क्रूचा एकच ताजा ओरखडा होता; ती आधी कोणाच्या हाडावर बसलेली नव्हती.

दुसरी जागा मोडबाईला तोंडपाठ होती. तिथे ती रोज साडेनऊला कुलूप उघडायची.

४

तिने दोन्ही तुकडे जोडून दिव्याखाली तिरके धरले. खालच्या अंगाला दोन गुळगुळीत आडव्या रेघा, दूर दूर. वरच्या अंगाला दोन, जवळ जवळ. हाडावर बसलेल्या प्लेटला अशा रेघा पडत नाहीत. त्या पडतात दोन रोलरवर आडवी ठेवून वरून दोन रोलरनी वाकवलेल्या प्लेटला, लाखो वेळा, त्याच जागी.

तिने तुकडे आपल्या यंत्रावर ठेवले. चारही रेघा चारही रोलरवर बसल्या. वरच्या डाव्या रोलरला एक टवका उडालेला होता. तीन वर्षं ती बदलायला सांगत होती. डाव्या रेघेत नेमकी तिथेच मोहरीएवढी खूण होती.

कपाटात बारा खोकी होती. तिने एकेक कानाशी हलवलं. अकरा खुळखुळली. बारावं गप्प.

त्यावर तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'चौदा भोकं. पाच लाख फेऱ्या. मोडली नाही.'

मोडबाई खाली बसली.

मोडलेल्या प्लेटा ती लाल पिंपात टाकायची. न मोडलेल्या धुऊन, पुसून, लखलखीत करून मूळ खोक्यात ठेवायची. तशी तिची शिस्त होती, आणि तिला त्या शिस्तीचा अभिमान होता. प्लेटवर खूण करायची तिला कधी गरज वाटली नाही. खोक्यावर लिहिलं होतं की. पंधरा वर्षं ती थकलेल्या प्लेटांना आंघोळ घालून नव्यासारख्या करत होती. त्यातली एक तिच्या भावाच्या मांडीत गेली होती, पाच लाख पावलं आधीच चालून.

कपाटाला कुलूप नव्हतं. खोलीला होतं. किल्ल्या दोन. एक तिच्याकडे, ती त्या दुपारी थिएटरच्या दाराबाहेर तिच्या पर्समध्ये होती. दुसरी सरांच्या खिशात.

तिने तो टाइप केलेला अहवाल घेतला, यंत्राच्या जबड्यात धरला आणि बटण दाबलं. कागद फाटायला किती जोर लागतो याची तिला पहिल्यांदाच उत्सुकता वाटली. फारच कमी लागला.

५

समितीत तीन माणसं होती: एक अध्यक्ष आणि दोन त्यांना मान डोलावणारे. सर खुर्चीत मागे रेलून बसलेले.

मोडबाईने टेबलावर चारही रोलर मांडले, त्यावर प्लेट ठेवली, शेजारी एक्स-रे आणि रिकामं खोकं. मग ती बोलायला लागली. आवाज चढू नये म्हणून तिने टेबलाची कड धरली होती.

"दादाने पाय टेकला नाही. गुडघ्याजवळचं हाड विरलंय, ते टेकवणाऱ्याचं विरत नाही. प्लेट एका दणक्याने मोडली नाही, रेघा बघा. तिच्यात चीर आधीच होती, चिरेत वाफेचा डाग आहे. तो डाग छोट्या ऑटोक्लेव्हचा, म्हणजे ती सेटमधली नव्हती. रेघा माझ्या यंत्राच्या, टवक्यासकट. खोकं माझ्या कपाटातलं. किल्ल्या दोन. माझी माझ्याजवळ होती."

"पाच लाख फेऱ्या झालेली प्लेट पलंगावर पडलेल्या माणसाच्या पायात मोडेल कशी?" अध्यक्षांनी विचारलं.

"कूस बदलली तरी मांडीचे स्नायू हाडाला ओढतात, साहेब. हाड जुळेपर्यंत ती ओढ प्लेट सोसते. ती शर्यत असते. हाड आधी जुळायचं की प्लेट आधी थकायची. दादाची प्लेट शर्यत संपवून आली होती. तिला पुन्हा पळायला लावलं."

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सर रेललेले होते ते सरळ झाले.

"मांडी उघडी होती," ते म्हणाले. "चौदाची प्लेट सेटमध्ये नाही. बाराची पुरत नव्हती. काय करायचं होतं मी? मांडी शिवून उद्या या म्हणायचं? मला आठवलं, हिच्या कपाटात आहे. पाच लाख फेऱ्यांत न मोडलेली! मला वाटलं, तिच्याएवढी कसलेली प्लेट अख्ख्या हॉस्पिटलात नसेल."

तीस वर्षं सरांनी हाडं पाहिली होती. वापरलं की बळकट होतं, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. त्यांनी पोलादालाही हाडच समजून टाकलं होतं.

"सर," मोडबाई म्हणाली, "मांडी उघडी असताना माणूस घाबरतो, चुकतो. खूण न करून मीही चुकले, ते मी लिहून देते. पण प्लेट मोडल्यावर? तेव्हा मांडी उघडी नव्हती. तुम्ही खुर्चीत बसून, चहा पिऊन, ते दोन एक्स-रे बघून लिहिलंत की पेशंट चालला. तुम्हाला माहीत होतं की चालला नाही. ती चूक नव्हती. त्याच्या बायकोने त्याच्यावर अविश्वास दाखवला, तुमच्या त्या कागदामुळे. आणि वर तुम्हाला माझी सही हवी होती!"

कड धरून काही उपयोग झाला नाही. आवाज चढलाच. बाहेरच्या बाकावर साक्षीसाठी बसलेले खालचे काका दचकून उभे राहिले.

अध्यक्षांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं. दोघांनी त्या तालावर मान डोलावली.

"रुग्णाची शस्त्रक्रिया शुक्रवारी होईल," ते म्हणाले. "नवी प्लेट, सीलबंद. दुसऱ्या विभागाचे सर्जन करतील."

मोडबाई एक्स-रे गोळा करायला लागली.

"परंतु," अध्यक्ष म्हणाले, आणि त्या 'परंतु'वर सर पुन्हा रेलले, "आधीच्या प्लेटची नोंद राहिली तर फार प्रश्न निर्माण होतात. त्यामुळे आधी प्लेट बसवलीच नव्हती असं धरण्यात येत आहे. बसवली नाही म्हणजे मोडली नाही. मोडली नाही म्हणजे चौकशी नाही. समिती आज भरलेली नाही, तेव्हा शुक्रवारच्या शस्त्रक्रियेचीही नोंद होणार नाही. तुम्ही इथे आलेला नाहीत. चहा घेणार?"

"मग दादाच्या मांडीवर आधीचा हातभर टाक्यांचा व्रण आहे, तो कशाचा?"

"तो," अध्यक्ष थोडा विचार करून म्हणाले, "रुग्णाचा वैयक्तिक प्रश्न आहे."

शुक्रवारच्या शस्त्रक्रियेनंतर जे झालं ते वर सांगितलंच आहे, आणि ते घडलेलं नाही. सर आपल्या जागेवर आहेत. मोडबाई आता न मोडलेली प्रत्येक प्लेट करवतीने कापूनच पिंपात टाकते, आणि कापताना तिचं तोंड बघायला कोणी थांबत नाही. नंतर एकदा वॉर्डात तिने दादाला विचारलं, अजून काय हवं? दादा म्हणाला, "एकदा कोणीतरी म्हणायला हवं होतं गं, की मी खोटं बोलत नव्हतो. तू सोडून. तू बहीण आहेस, तुझं मोजत नाहीत."

त्याच दिवशी तिने अर्ज लिहिला.

प्रति,
मा. अध्यक्ष, चौकशी समिती (न भरलेली)

विषय: एक वाक्य मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, माझे बंधू (वॉर्ड क्र. ४, खाट क्र. ११) यांना 'आपण चालला नव्हतात, हे आम्हांस माहीत होते' या एका वाक्याचे पत्र सही-शिक्क्यानिशी देण्यात यावे. वाक्य लांब वाटल्यास 'माहीत होते' एवढे पुरे. सदर पत्र बंधूंच्या पत्नीस मोठ्याने वाचून दाखवण्यात यावे. पत्र देणे शक्य नसल्यास, न देण्याचे कारण मा. अध्यक्ष व विभागप्रमुख यांनी चौथ्या मजल्यावरील वॉर्डात समक्ष येऊन, बंधूंच्या तोंडावर सांगावे.

येताना लिफ्ट वापरू नये.

कळावे,
चाचणी कक्ष